मदत हवी आहे: एक्सप्रेस घ्यावं की नको? (रात्री दहापर्यंत सांगायचंय)

सहाव्या_गल्लीतला | सायं. ७.१२

मंडळी, जरा पटकन. विमानाची तिकिटं झाली, हॉटेल झालं, पार्कचं तिकीटही पॅकेजमध्ये आहे. आता एजंटचा मेसेज आलाय, "एक्सप्रेस पण टाकू का? दहापर्यंत कळवा, नंतर रेट वाढेल." एक्सप्रेस म्हणजे जादा पैसे भरून राइडच्या रांगेत पुढे जायचा पास. आकडा ऐकल्यापासून घरात दोन पार्ट्या पडल्यात. मुलगी म्हणते घ्याच, तिच्या मैत्रिणीचा निम्मा दिवस रांगेत गेला. बायको म्हणते एवढ्यात नवा फ्रीज येतो. आम्ही सहा जण आहोत, सगळ्यांचं घ्यायचं म्हणजे खिसा रिकामा.

ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनीच सांगा. आणि कृपा करून "ते अवलंबून आहे" असलं उत्तर नको.

कटवाला | ७.२०

इमॅजिकाला एक्सप्रेस कशाला भावा? आडवारी जायचं, इषय संपला. आम्ही मंगळवारी गेलतो. पहाटे गाडी काढली, किणी टोलनाका अंधारातच पार केला, गेट उघडायच्या टायमाला खोपोलीत हजर. नायट्रो राइडमध्ये बसलो, उतरलो, परत जाऊन बसलो. रांग म्हणून नव्हती. ते पैसे जेवणावर घाला.

अनुजा_ताराबाई_पार्क | ७.२४

धाग्यात पार्कचं नावच नाही. तारीख नाही, वार नाही, मुलं केवढी ते नाही. यावर कोण काय सांगणार?

दसरा_चौक | ७.३१

एजंट आणि पॅकेज म्हणजे वंडरला असणार, बंगळूरचं. बिडदीला आहे, म्हैसूर रोडवर. पण तिथे त्याला एक्सप्रेस नाही, फास्टट्रॅक म्हणतात. शनिवार-रविवार असेल तर डोळे झाकून घ्या. आयटीवाले सगळे तिथेच लोटलेले असतात.

कटवाला | ७.३३

@दसरा_चौक विमानाचं तिकीट म्हणालेत ते. बंगळूरला कोण इमानानं जातंय? रात्री बशीत बसलं की सकाळी बंगळूर.

दसरा_चौक | ७.३५

आणि खोपोलीला विमानाने जातात वाटतं?

शिरोली_एमआयडीसी | ७.४८

पार्क कुठलंही असो, गणित एकच आहे. ते कळलं की घ्यायचं की नाही ते आपोआप कळतं.

राइडची क्षमता ठरलेली असते. तासाला किती गाड्या सुटतात आणि एका गाडीत किती सीट, बस्स. तुम्ही पैसे भरले म्हणून गाडी जास्त वेळा सुटत नाही. उदाहरण म्हणून धरा, तासाला १००० माणसं बसतात आणि साध्या रांगेत तुमच्या पुढे ४०० जण आहेत. एक्सप्रेस नसेल तर २४ मिनिटांत तुमचा नंबर. आता त्याच तासात एक्सप्रेसवाल्यांना ६०० जागा दिल्या, तर साध्या रांगेला उरल्या ४००. म्हणजे त्याच ४०० माणसांना पूर्ण एक तास. रांग तेवढीच दिसते, पण पुढे सरकत नाही. दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक पोरगा उभा असतो, इकडचे किती आणि तिकडचे किती सोडायचे ते तो ठरवतो. सगळा खेळ त्याच्या हातात.

तात्पर्य, गर्दी नसेल तर एक्सप्रेस फुकट गेलं. गर्दी असेल तर एक्सप्रेस न घेणाऱ्याला अडीचपट मार. अधलंमधलं काही नाही.

अनुजा_ताराबाई_पार्क | ७.५२

हे "अवलंबून आहे"च झालं की हो, फक्त आकडे घालून.

वारकरी_६१ | ८.०१

मुळात पैसे देऊन दुसऱ्याच्या पुढे जाणे हेच मला पटत नाही. आपण मुलांना काय शिकवतो आहोत? रांगेत उभे राहणे हासुद्धा संस्कार आहे. आषाढीला पदस्पर्श दर्शनासाठी माणसे अख्खी रात्र उभी राहतात, कोणी कुरकुर करत नाही.

बिंदू_चौकातला | ८.०६

काका, तिरुपतीला ३०० रुपयांचं तिकीट काढून गेला नाहीत का कधी? खरं सांगा.

वारकरी_६१ | ८.११

ते शीघ्र दर्शन. तो भाग वेगळा आहे. तो पैसा देवस्थानाला जातो.

बिंदू_चौकातला | ८.१२

मागं उभा असलेल्याला काय फरक पडतो, पैसा कुठं जातो त्यानं? त्याचा नंबर मागं गेला तो गेलाच.

कटवाला | ८.१४

अंबाबाईला मुखदर्शनाची वेगळी रांग असती, एक रुपया लागत न्हाई. लांबनं हात जोडायचे आणि महाद्वारातनं भायेर. घाई असंल त्यानं लांबनं बघावं, ही सिस्टीम भारी. पार्कवाल्यांनी पण करावी. राइड लांबनं बघा, फुकट.

अनुजा_ताराबाई_पार्क | ८.१७

देवळाचा वेगळा धागा काढा. धागाकर्ते आहेत का? पार्क कुठलं?

सहाव्या_गल्लीतला | ८.२९

अहो, सिंगापूर! युनिव्हर्सल! "परदेश सहली" विभागात धागा टाकलाय, वरती दिसत नाही का? मला वाटलं एक्सप्रेस म्हटल्यावर लोकांना कळेल. माझा तासभर इमॅजिका आणि तिरुपतीत गेला.

आता कोणी सिंगापूरचं सांगेल का?

रंकाळा_संध्यामठ | ८.३४

सिंगापूरपेक्षा हाँगकाँगचं डिस्नेलँड करा. लहान मुलांना ते जास्त आवडतं. आणि डिस्नेचा इतिहास बघा. १९९९ साली त्यांनी फास्टपास आणला तो चक्क फुकट होता. यंत्रात तिकीट घालायचं, ते तुम्हाला परत यायची वेळ छापून द्यायचं, तोवर दुसरीकडे फिरा. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पार्कांत तो बंद करून पैशांचं जिनी प्लस आणलं, २०२४ ला त्याचं नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास केलं. सवय फुकटात लावायची आणि मग दर लावायचा.

सहाव्या_गल्लीतला | ८.३६

माहितीबद्दल धन्यवाद, पण माझी तिकिटं सिंगापूरची झाली आहेत.

सिंगापुरी_सांगलीकर | ८.४१

मी इथेच राहतो, पाहुणे आले की युनिव्हर्सलची वारी ठरलेली. पण आधी हे सांगा: १) तारीख आणि वार, २) सहा जण म्हणजे कोण कोण, ३) लहानांची उंची सेंटिमीटरमध्ये, वय नको, ४) तुम्हाला नक्की कुठलं एक्सप्रेस देतायत, साधं की अनलिमिटेड? एजंटला आत्ताच विचारा.

सहाव्या_गल्लीतला | ८.५०

२७ मे ते १ जून तिथे आहोत. युनिव्हर्सल ३० तारखेला, शनिवारी. मी, बायको, मुलगी (बारावी झाली), मुलगा (तिसरीत जाईल), आई, बाबा. मुलगा असेल सव्वाचार फूट. एजंट म्हणतो, "एक्सप्रेस म्हणजे एक्सप्रेस, सगळं आलं त्यात."

सिंगापुरी_सांगलीकर | ९.०४

त्यात सगळं येत नाही. साधं एक्सप्रेस म्हणजे त्यांच्या यादीतल्या प्रत्येक राइडला एकदाच पुढून प्रवेश. अनलिमिटेड म्हणजे हवं तितक्या वेळा. दोन्हींच्या दरात बराच फरक आहे. आणि एक्सप्रेसमध्ये पार्कचा प्रवेश नसतो, ते वेगळं तिकीट लागतं. तुमच्या पॅकेजमध्ये ते आहे म्हणता, तरी व्हाउचरवर डोळ्यांनी बघून घ्या. दर तारखेप्रमाणे बदलतो, म्हणून "नंतर वाढेल" ही धमकी वाटली तरी त्यात थोडं तथ्य आहे.

आता तारीख. एजंटने तुम्हाला नेमका सगळ्यात वाईट दिवस दिलाय. इथल्या शाळांची जूनची चार आठवड्यांची सुट्टी यंदा त्याच शनिवारी सुरू होते. रविवारी ३१ला वेसाक डे (इथली बुद्धपौर्णिमा), त्याची बदली सुट्टी सोमवारी. म्हणजे लाँग वीकेंड, सुट्टीचा पहिला दिवस, अख्खं सिंगापूर आणि मलेशियातून आलेली मंडळी सेंटोसावर (युनिव्हर्सल ज्या बेटावर आहे ते). २७लाही सुट्टीच आहे, हरी राया हाजी, म्हणजे बकरी ईद. तुमच्याकडे उरतात गुरुवार २८ आणि शुक्रवार २९. प्राणिसंग्रहालय, गार्डन्स बाय द बे असलं काही त्या दिवशी लावलं असेल तर अदलाबदल करा.

आणि मुलाची उंची नीट मोजून सांगा. राइडला कमीत कमी उंची लागते: बॅटलस्टार गॅलॅक्टिका रोलर कोस्टरला १२५ सें.मी., ममीला १२२, ट्रान्सफॉर्मर्सला १०२. सव्वाचार फूट म्हणजे १२९ होतात, पण बापाच्या डोळ्यांना पोरगं नेहमी उंच दिसतं.

कटवाला | ९.०६

सांगलीकर कोल्हापूरकराला शिकवाय लागलेत, बगा दिवस कसले आलेत 😄 (माहिती मात्र एक नंबर)

सहाव्या_गल्लीतला | ९.२१

मोजली. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला उभा केला, डोक्यावर गाइड आडवं ठेवलं, बायकोने पेन्सिलीने खूण केली आणि शिलाईच्या टेपने मोजलं. १२१. पुन्हा मोजलं, तरी १२१. बूट घालून १२३ भरतो. बूट चालतात का? तो रडायच्या बेतात आहे.

शिरोली_एमआयडीसी | ९.२४

शिलाईची टेप ताणली जाते. स्टीलच्या टेपने मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

बिंदू_चौकातला | ९.२५

एका सेंटिमीटरसाठी कोण अडवतंय? आपल्याकडं यष्टीत हाफ तिकीट मोजतात तसंच असणार.

सिंगापुरी_सांगलीकर | ९.३०

अडवतात. तोंडावर अडवतात, आणि राइडच्या दारात मोजपट्टी असते. बूट धरून मोजतील की नाही यावर एक्सप्रेसचे पैसे लावू नका. बॅटलस्टार गेलीच, ममी नाही असंच धरून चला. मग मुलाला उरतं काय? ट्रान्सफॉर्मर्स (मोठं माणूस बरोबर हवं), मिनियन लँड, श्रेकच्या भागातल्या छोट्या राइड. यातल्या ट्रान्सफॉर्मर्सला रांग मोठी असते, मिनियन लँड २०२५ मध्येच उघडलंय म्हणून तिथेही गर्दी. बाकी ठिकाणी सकाळी लवकर गेलात तर एक्सप्रेसविना भागतं.

आता तुम्हीच सांगा, आई-बाबा आणि वहिनी रोलर कोस्टरमध्ये बसणार आहेत का?

सहाव्या_गल्लीतला | ९.३४

आई फक्त फोटो काढणार. बाबांची अँजिओप्लास्टी झालीय. बायकोला आंबा घाटातसुद्धा उलटी होते.

अनुजा_ताराबाई_पार्क | ९.३५

ही माहिती सात वाजता दिली असती तर धागा सव्वासातला संपला असता. सहातले तीन जण राइडमध्ये बसणारच नाहीत आणि एजंट सहा एक्सप्रेस विकतोय!

दसरा_चौक | ९.३८

अँजिओप्लास्टी झालेल्यांनी परदेशी जाताना औषधं हातातल्या बॅगेत ठेवावीत, चेक-इनमध्ये टाकू नयेत. चिठ्ठीही बरोबर असू द्या. आणि इन्शुरन्समध्ये जुन्या आजाराचा उल्लेख आहे का ते बघा.

शिरोली_एमआयडीसी | ९.४०

एक सांगायचं राहिलं. मुलगी एकटी बसायला तयार असेल तर सिंगल रायडरची रांग असते का बघा. गाडीत सुटी सीट उरली की तिथला माणूस त्यात भरतात. क्षमता वाया जाऊ नये म्हणून पार्कचीच सोय आहे, पैसे लागत नाहीत.

सिंगापुरी_सांगलीकर | ९.४३

+१, ट्रान्सफॉर्मर्सला आहे. तिथे मीही तीच वापरतो. पण ओळखीच्या माणसाशेजारी बसायला मिळत नाही, हे तिला आधी सांगा.

आणखी एक, पावसाचं. इथे दुपारी ढग भरून आले आणि विजेचा इशारा झाला की उघड्यावरच्या राइड थांबवतात. बॅटलस्टार उघड्यावर आहे. ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी आत आहेत. म्हणून सकाळी आधी बाहेरच्या राइड, आतल्या नंतर. एक्सप्रेस हातात असलं तरी बंद राइडपुढे त्याचा उपयोग शून्य. परदेशातल्या एका दुसऱ्या पार्कात माझे अर्धे पैसे असेच बुडालेत.

वारकरी_६१ | ९.४७

मी म्हणालो होतो.

सहाव्या_गल्लीतला | ९.५६

एजंटला फोन केला. आधी म्हणाला दिवस बदलता येत नाही. वेसाक डे म्हटल्यावर दोन मिनिटं गप्प, मग "बघतो" म्हणाला. शेवटी गुरुवार २८ करून दिला, शनिवारी आता प्राणिसंग्रहालय. एक्सप्रेस एकही घेतलं नाही. गुरुवारी तिथे गेल्यावर रांगा बघून वाटलंच तर माझं आणि मुलीचं दोन घेऊ.

सिंगापुरी_सांगलीकर | ९.५९

चालेल. फक्त एक्सप्रेसची संख्या मर्यादित असते, घ्यायचं झालं तर गेल्या गेल्या घ्या, दुपारची वाट बघू नका. आणि सकाळी दार उघडायच्या आधी पोचा. व्हिवोसिटी मॉलमधून सेंटोसा एक्सप्रेस मोनोरेल मिळते. तिचा या एक्सप्रेसशी संबंध नाही, नाहीतर एजंट तेही विकायचा.

कटवाला | १०.०८

शनिवारी प्राणिसंग्रहालयात गर्दी नसती का मग?

सहाव्या_गल्लीतला | १०.१०

ते उद्या विचारतो. आत्ता पोरगा बूट घालून झोपलाय, ते काढायचे आहेत.