कोकम सिरपची टाकी: सिम्युलेशनमध्ये 25 सेकंदांत मिसळतं, प्रत्यक्षात पाक तळालाच राहतो

कुडाळ_मेक
नमस्कार मंडळी. ओळखीच्या एका काकांचं कुडाळला कोकम सिरपचं छोटं युनिट आहे, त्यांच्या मिक्सिंग टाकीचं सिम्युलेशन ओपनफोममध्ये (द्रवाचा प्रवाह गणिताने काढणारं सॉफ्टवेअर) करतोय. टाकी 500 लिटरची, व्यास 80 सेंमी, आत माल साधारण 1 मीटर उंचीपर्यंत, चार बॅफल (भिंतीला लावलेल्या उभ्या पट्ट्या), वरून शाफ्ट आणि त्याला 45 अंशात वळवलेल्या चार पात्यांचा 27 सेंमीचा पंखा, तळापासून 27 सेंमीवर, 120 आरपीएम, मोटर अर्धा एचपी. एमआरएफ (पंखा प्रत्यक्ष न फिरवता त्याच्याभोवतीचा भाग फिरता धरायची पद्धत) लावून स्टेडी फ्लो, म्हणजे वेळेनुसार न बदलणारा प्रवाह काढला, टर्ब्युलन्ससाठी के-एप्सिलॉन मॉडेल, मग वर पृष्ठभागाजवळ ट्रेसर (मिसळणं बघायला रंगासारखी खूण) सोडला तर तो 25 सेकंदांत सगळीकडे सारखा झाला. पण खऱ्या टाकीत दहा मिनिटं स्टरर फिरवूनसुद्धा रिफ्रॅक्टोमीटरवर (साखर मोजायचं यंत्र) वरच्या नमुन्याला 38 ब्रिक्स (शंभर ग्रॅममध्ये तेवढे ग्रॅम साखर) आणि खालच्या व्हॉल्व्हला 52 येतंय. मेश (हिशोबासाठी टाकीचे पाडलेले छोटे तुकडे) बारीक केली तरी उत्तर हलत नाही. काका म्हणतायत मोठी मोटर घेऊया का, सीझन तोंडावर आलाय, मला छातीठोक काहीतरी सांगायचंय त्यांना.

लोटे_प्रोसेस
आधी एक सांग, टाकीत काय कुठल्या क्रमाने पडतं? पाक आधी की रस आधी?

कुडाळ_मेक
पाक आधी दादा, 65 ब्रिक्सचा, 300 लिटर. तो निवला की वरून 200 लिटर कोकमाचा रस ओततात आणि मग स्टरर चालू.

लोटे_प्रोसेस
मग सगळं इथेच आहे बघ. तुझं 25 सेकंद हे उत्तर चुकीचं नाहीये, ते दुसऱ्याच टाकीचं आहे. सगळीकडे पाण्यासारखा पातळ द्रव आणि बॅफल असतील तर या मापाला हाताने हिशोब केला तरी 23-24 सेकंदच येतात, म्हणजे तुझी मेश आणि पंखा ठीक आहेत. पण काकांच्या टाकीत दोन थर आहेत. 65 ब्रिक्सच्या पाकाची घनता 20 अंशाला साधारण 1315 किलो प्रति घनमीटर, रस धर 1030. पाक 300 लिटर म्हणजे तळापासून 60 सेंमीपर्यंत पाकच, आणि पंखा 27 सेंमीवर, म्हणजे तो पूर्ण पाकात बुडालेला. पाकाची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) 150 मिलिपास्कल-सेकंदच्या आसपास, रेनॉल्ड्स नंबर काढ (तो जितका मोठा तितका प्रवाह खळबळीचा), 1280 येतो. तोच पंखा रसात असता तर 75,000 आला असता. एकाच टाकीत खाली ट्रान्झिशनल (शांत आणि खळबळीच्या मधला) प्रवाह आणि वर टर्ब्युलंट (खळबळीचा) होऊ शकेल असा पण जवळपास निपचित पडलेला रस. रिचर्डसन नंबर पण काढून बघ (थरांचं वजन पंख्याच्या जोरापुढे किती भारी ते), घनतेतला फरक गुणिले जी गुणिले मालाची उंची, भागिले रसाची घनता गुणिले एनस्क्वेअर डीस्क्वेअर (एन म्हणजे सेकंदाला फेरे, डी म्हणजे पंख्याचा व्यास), 9 येतो. एकाच्या एवढा वर म्हणजे जड थर खालीच बसणार, पंख्याला तो वर उचलणं जमत नाही.

आणि मोटरबद्दल: पॉवर नंबर (पंख्याच्या आकारावरून ठरणारा ताकदीचा गुणांक) 1.3 धरला तर हा पंखा पाकाला जेमतेम 20 वॅट देतोय. अर्धा एचपी म्हणजे 373 वॅट. मोटर कुठे कमी पडतेय? काकांना सांग पैसे वाचवा. मालाची उंची व्यासाच्या सव्वापट आहे, अशा टाकीत त्याच शाफ्टवर दुसरा पंखा लागतोच, तो 60 सेंमीच्या सीमेच्या थोडा वर बसवा, दोन्ही मिळून 40 वॅटच्या आतच खर्च होईल.

जाळीवाला
वरच्या दादांशी सहमत, मॉडेलबद्दल थोडं जोडतो. घनता आणि व्हिस्कॉसिटी दोन्ही साखरेच्या प्रमाणावर बदलणारी ठेव, ग्रॅव्हिटी चालू कर, आणि सुरुवातीला खालचे 60 सेंमी पाक, वर रस असं भर. ओपनफोममधला इंटरफोम सॉल्व्हर वापरू नकोस, तो न मिसळणाऱ्या द्रवांसाठी आहे, टूलिक्विडमिक्सिंगफोम बघ. पण व्हिस्कॉसिटीकडे लक्ष दे. 60:40 मिश्रणाला सरळ सरासरी काढली तर 90 येते, आणि खऱ्या 45 ब्रिक्सच्या साखरपाण्याची 10 च्या आसपास असते. एवढा फरक असेल तर अर्धवट मिसळलेला माल सिम्युलेशनमध्ये विनाकारण घट्ट राहतो, तेव्हा टेबल किंवा फॉर्म्युला घालावाच लागेल. आणि मिसळताना फ्लोच बदलत जातो, त्यामुळे एकदा स्टेडी फ्लो काढून त्यावर ट्रेसर पळवणं इथे चालणार नाही, ट्रान्झियंट (क्षणाक्षणाला बदलणारा प्रवाह) कर, एमआरएफनेच सुरुवात कर, स्लायडिंग मेश (पंख्याभोवतीची मेश खरोखर फिरवणं) नंतर, ती वेळखाऊ आहे. साध्या के-एप्सिलॉनला थरांच्या सीमेवर टर्ब्युलन्स कसा दबतो ते कळत नाही, त्यामुळे सीमा खऱ्यापेक्षा लवकर विरघळेल हे गृहीत धर.

सगळ्यात आधी एक रन कर: पंखा बंद, दहा मिनिटं. साखरेचा पाण्यातला डिफ्यूजन गुणांक सेकंदाला 5×10⁻¹⁰ चौरस मीटरच्या घरात, म्हणजे दहा मिनिटांत साखर स्वतःहून एक मिलिमीटरसुद्धा सरकत नाही. तुझ्या स्क्रीनवर ती सीमा सेंटीमीटर सेंटीमीटर पसरली तर ते मिक्सिंग नाही, न्यूमेरिकल डिफ्यूजन, म्हणजे गणिताच्या पद्धतीतून आलेलं खोटं पसरणं आहे. साखरेच्या प्रमाणाची (स्केलरची) गणिती स्कीम फर्स्ट ऑर्डर अपविंड असेल, जी सीमा पसरट करते, तर ती काढून लिमिटेड लिनिअर लाव, आणि 60 सेंमीच्या आसपास मेश आडव्या थरांत बारीक कर.

सावंतवाडीची_आमसूलवाली
मी इंजिनिअर नाही पण हेच काम करते. पाक गरम असताना रस घालून बघू नका हं, पाक पातळ होतो खरा पण कोकमाचा रंग उतरतो, आणि रंग गेला की गिऱ्हाईक गेलं. आम्ही रस वरून ओतत नाही, स्टरर चालू ठेवून पाइप पंख्याजवळ खाली नेऊन हळूहळू सोडतो. रस हलका, तो पाकातून वाट काढत वर येतो आणि येता येताच बराचसा मिसळतो.

लोटे_प्रोसेस
ताई बरोबर सांगतायत, आणि गरम करण्यात अजून एक गोम आहे, व्हिस्कॉसिटी धडाधड उतरते पण घनता फारशी नाही, थर तसेच राहतात.

कुडाळ_मेक
मग आधी पंखा बंद रन लावतो, नंतर दोन केसेस: एक दुसऱ्या पंख्याची, एक खालून रस सोडायची. ताई, तुम्ही रस साधारण किती वेळात सोडता? इनलेटचा वेग त्यावरून ठरवतो.

सावंतवाडीची_आमसूलवाली
200 लिटरला पंधरा-वीस मिनिटं धरा. आणि पाइपचं तोंड पात्याच्या वर नको, खालच्या अंगाला ठेवा.