एक मांडी बारीक झाली आहे, लवकर उपाय हवा

अर्धविराम
उजवी मांडी डावीपेक्षा बारीक दिसते. टेपने मोजली तर ३ सेंमीचा फरक आहे. रोज चालतो, उठाबशा काढतो, तरी काही फरक नाही. मांडी लवकर भरून यायला नेमका कोणता व्यायाम करू? जिममध्ये किती वजन उचलायचं तेही सांगा. 'डॉक्टरांना विचारा' सोडून उत्तरं द्या प्लीज.

नाकासमोर
वय किती? दुखापत, ऑपरेशन, मधुमेह, कंबरदुखी यातलं काही? कधीपासून? आणि मांडी मोजली कुठे? गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर, म्हणजे १५ सेंमी वर वगैरे, दोन्ही पायांवर खूण करून मोजली नसेल तर त्या ३ सेंमीला अर्थ नाही.

बैठकबहाद्दर
एवढ्या चौकशा कशाला? चालून मांडी वाढत नसते. बैठका मारा! पूर्ण खाली जाऊन, रोज, दम निघेपर्यंत. वजन वाढवत न्या. माझ्या मांड्या पँटीत मावत नाहीत.

टिवल्याबावल्या
लोकांना मांडी वाढवायची आहे आणि इथे आम्ही कमी करायला मरतोय. 🙄

शांतारस
@टिवल्याबावल्या, मांडीपुरती चरबी व्यायामाने कमी होत नाही. चरबी सगळ्या अंगावरून उतरते, आधी कुठून ते शरीर ठरवतं. एकूण आहार थोडा कमी करा, चालणं वाढवा आणि ते मांडीला गुंडाळायचे पट्टे अजिबात घेऊ नका, त्याने नुसता घाम येतो.

अर्धविराम
धागा मांडी *वाढवण्याचा* आहे.
वय ३४, मधुमेह नाही, कंबर ठीक. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण गुडघा आता बरा आहे. प्रश्न मांडीचा आहे.

नाकासमोर
अहो, मग हे पहिल्या ओळीत हवं होतं! कसलं ऑपरेशन? कधी?

अर्धविराम
एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं धरून ठेवणारं लिगामेंट, त्याचं. पाच महिने होत आले. नवीन लिगामेंट मांडीच्या मागच्या स्नायूतून घेतलंय म्हणे. गुडघा पूर्ण वाकायला लागल्यावर फिजिओ बंद केली. संध्याकाळी जरा सूज येते, ती तर येणारच ना.

वाटीवाला
फिजिओ आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ती 'जरा सूज'च मुख्य मुद्दा असू शकते. गुडघ्यात पाणी साठलं की सांध्यातून जाणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जू मांडीच्या पुढच्या स्नायूचा, म्हणजे क्वाड्रिसेप्सचा, जोर दाबून ठेवतो. तुम्ही कितीही ताकद लावलीत तरी स्नायूचा काही भाग कामालाच लागत नाही. मग उठाबशा काढताना शरीर भार गुपचूप डाव्या पायावर आणि कमरेच्या स्नायूंवर ढकलतं. त्यात डावी मांडी आणखी मजबूत होते, उजवी तशीच राहते.

एक करून बघा. पाठीवर झोपा, गुडघा ताणून ताठ करा आणि पाय फूटभर वर उचला. गुडघा ताठ राहतो की उचलताना किंचित वाकतो?

बैठकबहाद्दर
झोपून पाय उचलून कोणाची मांडी झालीय? मशीनवर बसून पाय सरळ करायचा तो लेग एक्स्टेन्शन मात्र एसीएलवाल्यांनी आयुष्यात करू नये. गुडघ्याचा शत्रू आहे तो.

वाटीवाला
आयुष्यात नाही असं काही नाही. पाय सरळ होतानाच्या शेवटच्या साधारण ४० अंशांत नव्या लिगामेंटवर ताण जास्त येतो, म्हणून सुरुवातीला ९० ते ४५ अंशांतच करवतात आणि सर्जनच्या संमतीने पुढे टप्प्याटप्प्याने वाढवतात. तो कायमचा वगळला तर क्वाड्रिसेप्स मागेच राहतात, कारण स्क्वॉटमध्ये चोरी करता येते, त्या मशीनवर एका पायाने करताना फारशी येत नाही.

मालीशप्रेमी
रोज रात्री गरम तेलाने खालून वर मालीश. स्नायू आपोआप फुलतो.

नाकासमोर
मालिशीने बरं वाटतं, स्नायू वाढत नाही. स्नायूला वाढायला ताण लागतो. आणि ऑपरेशननंतर पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर मालीश तर नाहीच, त्याच दिवशी डॉक्टर. रक्ताची गुठळी असू शकते.

चारखांबी
पाय बाहेर वळवून व्यायाम केला की गुडघ्याच्या आतल्या बाजूचा थेंबासारखा स्नायू वाढतो. व्हीएमओ. तोच बारीक होतो, बाकी सगळं ठीक असतं.

वाटीवाला
क्वाड्रिसेप्सच्या चारही भागांना एकच फिमोरल नस जाते. आतला भाग तेवढा वेगळा काढून कामाला लावता येत नाही. तो लवकर खपाटीला गेलेला *दिसतो*, कारण तिथे त्याच्यावर आवरण पातळ असतं.

मालीशप्रेमी
करंटचं मशीन लावा मग. आमच्या ओळखीत एकाला कंबरेला लावलं होतं, काडीचा फायदा झाला नाही, पण लावतात.

वाटीवाला
ते दुखणं कमी करायचं मशीन असणार, टेन्स. स्नायू आकुंचित करणारं वेगळं असतं, एनएमईएस. मांडीवर पॅड लावून करंटसोबत स्वतःही जोर लावायचा. एसीएलनंतर ताकद परत आणायला त्याचा खरंच उपयोग होतो, मात्र करंट चांगला जोराचा लागतो, नुसत्या मुंग्या आल्या तर नाही.

दुसरा उपाय म्हणजे मांडीच्या वरच्या बाजूला दाबपट्टा बांधून हलकं वजन, एरवी एकदाच उचलता येईल त्याच्या २० ते ३० टक्के. आवर्तनं ३०, मग १५-१५-१५. जड वजन गुडघ्याला सोसत नाही तेव्हा हे कामाचं आहे. पण दाब मोजून ठरवावा लागतो, घरी रबरी पट्टा आवळून नाही. गुठळीचा इतिहास असेल तर नकोच.

बैठकबहाद्दर
रक्त अडवून व्यायाम! नवीन नवीन फॅडं.

शांतारस
प्रोटीनचं कोणी बोललंच नाही. वजनाच्या दर किलोला रोज १.६ ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारून.

नाकासमोर
+१. आणि @अर्धविराम, इतकी घाई कशाची?

अर्धविराम
पुढच्या महिन्यात फुटबॉलचे सामने आहेत. संघाला हो म्हणून बसलोय.

वाटीवाला
😳 हे सगळ्यात शेवटी सांगितलंत! एसीएलनंतर साधारण नऊ महिन्यांच्या आत वळणं, उड्या असलेल्या खेळात परतणं टाळतात. त्याशिवाय उजव्या पायाची ताकद मोजून ती डाव्याच्या निदान ९० टक्के यावी लागते. टेपने नव्हे, यंत्रावर. हे न करता उतरलात तर लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका बराच वाढतो.

मांडीचा आकारही महिन्यात यायचा नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू-नसांची जुळणी सुधारल्याने, डोळ्यांना दिसेल असा फरक त्यानंतर. आधी सूज उतरवा: दोन-चार दिवस चालणं कमी करा, सूज बघत हळूहळू वाढवा. मग एका पायाने लेग प्रेस, पायरीवर चढणं, स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बैठक), दिवसाआड. शेवटची दोन-तीन आवर्तनं जड जातील एवढं वजन. दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर भार जास्त झाला. मागचा स्नायूही विसरू नका, तिथूनच कंडरा काढलीय.

बैठकबहाद्दर
गोलकीपर म्हणून उभे राहा की. पळावं लागत नाही.

नाकासमोर
गोलकीपर उडी मारत नाही का?

अर्धविराम
पाय उचलून बघितला. गुडघा वाकतो, अंगठ्याएवढा खाली येतो. डावा ताठ राहतो. हे कितपत वाईट आहे?

वाटीवाला
पाचव्या महिन्यात असायला नको. या आठवड्यात पुन्हा फिजिओ आणि सर्जन दोघांना दाखवा, गुडघा पूर्ण सरळ होतो का तेही तपासतील. तोवर वजनाच्या बैठका बंद. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायचा, पाच सेकंद धरायचा, दिवसातून बऱ्याच वेळा. संघाला आजच नाही म्हणून कळवा.

टिवल्याबावल्या
@शांतारस, चालणं रोज किती वेळ?