गोल्डन सायप्रस ओळीने वाळतायत: मूळकूज आहे का? कार्बेन्डाझिमने फरक नाही

केतकी, पुणे
कुंपणालगत गोल्डन सायप्रसची ओळ आहे, झाडं ५ ते ६ फूट. जमीन काळी, शेजारी लॉन. पावसाळ्यात उताराच्या टोकाची तीन झाडं फिकी पडली, आता पूर्ण तांबूस आहेत. चौथ्याचा रंग उतरायला लागलाय. कोळी कीड दिसत नाही. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम घेऊन दोनदा आळवणी केली, उपयोग नाही. उरलेली झाडं कशी वाचवायची?

रोपवाटिकावाला
एखादीच फांदी वाळून तिच्यावर राळ दिसली असती, तर तो फांदीचा कँकर, म्हणजे साल मारणारा रोग. इथे अख्खं झाड जातंय आणि तेही पाणी साचतं त्या टोकाकडून, म्हणजे संशय फायटोफ्थोरा या मुळं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवावर.

चौथ्या झाडाच्या बुंध्याजवळची माती ४-५ सेंमी बाजूला करा आणि चाकूने साल हलकी खरवडा. आत पांढरट-हिरवट दिसलं तर निरोगी. दालचिनीच्या रंगाचा पट्टा दिसला आणि त्याची वरची कड रेघ मारल्यासारखी स्पष्ट असली तर तोच रोग. मग बारीक मुळी चिमटीत धरून ओढा. कुजलेल्या मुळीची साल सुटून हातात येते, मागे नुसता दोरा उरतो. बुंध्याशी पांढरं जाळं आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे असतील, तर ती स्क्लेरोशियम बुरशीची कूज; तिचं औषध वेगळं.

कार्बेन्डाझिम चाललं नाही कारण फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाहीच. ती ऊमायसीट गटातली, शेवाळांच्या जवळची. तिचे बीजाणू मातीतल्या पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. त्यामुळे झाड मलूल दिसलं म्हणून जास्त पाणी घालणं सगळ्यात घातक.

माळीकाका, नाशिक
केतकीताई, तांबूस झालेली तीन सोडून द्या. सायप्रस जुन्या वाळक्या लाकडावर पुन्हा फुटत नाही. शिवाय मुळं मेल्यावरही पाला काही आठवडे हिरवा राहतो, म्हणून आज हिरवी दिसणारी शेजारची झाडंही सुरक्षित धरू नका. औषध त्यांनाच द्या.

मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मॅन्कोझेब ६४ टक्के ही पावडर लिटरला २.५ ग्रॅम. एवढ्या झाडाला ५ लिटर द्रावण, नुसतं बुंध्यात नाही तर फांद्यांच्या घेराखाली सगळीकडे. माती ओली हवी, पण पाणी साचलेलं नको. तीन-चार आठवड्यांनी फोसेटिल ॲल्युमिनियम ८० टक्के, लिटरला २.५ ग्रॅम, पाल्यावर फवारा. ते पानांतून खाली मुळांपर्यंत उतरतं. मेटॅलॅक्झिल एकटंच वारंवार वापरलं तर रोग त्याला जुमानेनासा होतो. फोसेटिलमध्ये तांब्याचं औषध कधीही मिसळू नका, ते आम्लधर्मी असल्याने तांबं विरघळून पाला करपतो. हातमोजे घालाच.

पण औषध रोग दाबून ठेवतं, मातीतून घालवत नाही. निचरा हाच खरा इलाज. ३० सेंमी खोल खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. तासाला २.५ सेंमीपेक्षा कमी उतरलं तर लॉनच्या बाजूने चर काढावाच लागेल. लॉनचं स्प्रिंकलर बुंध्यावर येत असेल तर आधी ते फिरवा. आणखी एक: नर्सरीची पिशवीतली लाल माती काळ्या मातीत तशीच बसवली, की लाल मातीत पाणी झपाट्याने शिरतं आणि भोवतालची काळी ते पुढे जाऊ देत नाही. खड्ड्याची टाकी होते.

संत्राबाग, अमरावती
संत्र्यावरचा डिंक्या हा याच कुळातला रोग, त्यामुळे बोर्डोपेस्ट इथेही लावा: मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगवेगळं, प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून मग एकत्र करा. लोखंडी बादली नको. चकचकीत ब्लेड बुडवून बघा, त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. त्याच दिवशी लावून संपवा. बुंध्याला, पावसाळ्याआधी आणि नंतर. मात्र मुळं आतून कुजली असतील तर पेस्ट ती वाचवत नाही.

केतकी, पुणे
खरवडून पाहिलं, चौथ्याला दालचिनी पट्टा आहे, कडही स्पष्ट. मेलेल्यांच्या खड्ड्यात पुन्हा सायप्रस लावता येईल?

रोपवाटिकावाला
लगेच नको. या रोगाचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत काही वर्षं टिकतात. झाड मुळांसकट काढा, कंपोस्टात टाकू नका. एप्रिल-मेमध्ये जागा ओली करून पारदर्शक पॉलिथिनने कडा मातीत दाबून ४ ते ६ आठवडे झाका. वरच्या थरातला रोग बराच कमी होतो.

त्यानंतर तपासा. मुळांच्या भोवतालची माती डब्यात घ्या, वर २-३ सेंमी पाणी, त्यात एक कच्चं, टणक नासपती अर्धं बुडेल असं ठेवा. पाच-सहा दिवसांत पाण्याच्या रेषेवर टणक तपकिरी डाग आले तर रोग बहुधा आहे. मऊ, वास मारणारी कूज जिवाणूंची. डाग नाही आले म्हणून माती शुद्ध समजू नका. शंका असेल तर प्रयोगशाळेत द्या.

नवं झाड ३० ते ४५ सेंमी उंच वाफ्यावर, मुळांचा गोळा जमिनीपेक्षा ५ सेंमी वर ठेवून. आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब. आणि चिखल सांभाळा. अमेरिकेत ऑरेगनच्या जंगलात लॉसन सायप्रसवरचा फायटोफ्थोरा गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून पसरला, तिथे ओल्या हंगामात काही रस्ते बंद ठेवतात. तुमच्याकडे तेच काम फावडं आणि बूट करतील. आधी माती धुवा, मग ७० टक्के स्पिरिटने पुसा, आणि काम नेहमी निरोगी टोकाकडून रोगट टोकाकडे करा.