३,३५,५०,३३६ : परिपूर्ण तर आहेच, पण...
३,३५,५०,३३६ बद्दल कुणी म्हणेल की ही संख्या परिपूर्ण (स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज तीच संख्या) आणि त्रिकोणी (१ पासून ओळीने येणाऱ्या संख्यांची बेरीज) आहे, म्हणजे सगळं आलं. ते दोन्ही बरोबरच, पण सगळं आलं हे काही पटत नाही, कारण माझ्या मते हिची सगळ्यात सुंदर गोष्ट तिच्या विभाजकांच्या हार्मोनिक मीनमध्ये आहे, म्हणजे विभाजक किती आहेत ते भागिले त्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज. आता बघा, २ चा १२वा घात गुणिले ८१९१ अशी ती फुटते आणि ८१९१ मूळ संख्या, म्हणून विभाजक झाले १३ गुणिले २, म्हणजे २६, आणि परिपूर्ण असल्यामुळे त्या सगळ्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज बरोब्बर २ येते, मग हार्मोनिक मीन २६ भागिले २, म्हणजे १३. आणि ८१९१ म्हणजे तरी काय, २ चा १३वा घात वजा १! तोच १३ परत. हा योगायोग अजिबात नाही, ६ ला २ येतो, २८ ला ३, ४९६ ला ५, प्रत्येक सम परिपूर्ण संख्येला तिचा स्वतःचा घातांकच मिळतो, म्हणजे तिच्या '२ चा घात वजा १' अशा मूळ अवयवातला.

उलट बाजूने मात्र हे चालत नाही हां, १४० चा हार्मोनिक मीन पण ५ येतो पण १४० परिपूर्ण नाही. म्हणून ज्यांच्या विभाजकांचा हार्मोनिक मीन पूर्णांक येतो त्या संख्यांचा गट वेगळाच धरायला हवा, ओरे संख्या म्हणतात त्यांना, आणि १ सोडून त्यातली एकही विषम संख्या अजून कुणाला सापडलेली नाही.