खापरोळ्यांसाठी मातीचं खापर हवंय: रत्नागिरी ते कुडाळ-डिचोली, पाचजणी, एक गाडी

रानजाई:
संक्रांत झाली की आम्ही पाच मैत्रिणी रत्नागिरीहून निघतोय. हातखंब्याला महामार्ग धरायचा, पहिला मुक्काम कुडाळ, मग सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग करत गोव्यातली डिचोली. तिथला कुंभारवाडा बघायचाच आहे. बाकीच्या चौघींच्या याद्या लांबलचक आहेत: माठ, कुंड्या, पणत्या, दह्याची बोळकी. मला मात्र एकच वस्तू हवी आहे, खापरोळ्यांचं खापर, म्हणजे नारळाच्या गोड रसात बुडवून खायची जाड घावनं ज्यावर घालतात तो मातीचा खोलगट तवा.

सासूबाईंचं होतं. इतकी वर्षं तेल पिऊन आतून काळं कुळकुळीत झालेलं. गेल्या गणपतीत माझ्या हातून ओट्यावरून पडलं. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. तुकडे गोळा केले आणि तुळशीच्या कुंडीत तळाशी घातले. तेव्हापासून मी बिडाच्या तव्यावर करते. बूड करपतं, वरून चिकट राहतं, आणि नारळाच्या रसात टाकली की खापरोळी रस ओढूनच घेत नाही. सासूबाई खातात, पण दुसरी मागत नाहीत.

मागच्या खेपेला अकरा भांडी आणली, त्यातली चार वाटेतच फुटली. वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत रचली होती. या वेळी तसं नको. चांगलं खापर ओळखायचं कसं, गाडीत भरायचं कसं, आणि भाव करावा की नाही, तेवढं सांगा.

कुडाळचा:
वेळ अगदी बरोबर निवडलीत. संक्रांतीआधी सगळे सुगडांच्या मागे असतात, तेव्हा खापराची चौकशी केली तर उभं राहायलाही कोणाला फुरसत नसते. पावसाळ्यात येऊ नका, माती वाळत नाही आणि भट्टी लागत नाही. आणखी एक, खापर तयार मिळेलच असं धरून चालू नका. हल्ली मागणी माठांना आणि कुंड्यांना. आधी कोणाकडून तरी निरोप धाडून सांगून ठेवा, किती इंची हवं तेही. सासूबाईंच्या खापराचा एखादा तुकडा शिल्लक असेल तर बरोबर आणा, जाडी आणि खोलगटपणा त्यावरून कळतो.

चाकघर:
ताई, माझं बालपण चाकाशेजारी गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे सगळा जांभा. भांड्याला चालणारी चिकण माती मिळते ती खालच्या मळ्यात, तळ्याकाठी. स्वयंपाकाच्या भांड्याला त्यात रेती मिसळावी लागते, म्हणजे आच लागल्यावर माती फुगते-आवळते तेव्हा तडा जात नाही. माठाचं गणित वेगळं, तिथे पाणी पाझरायला हवं. त्यामुळे माठ सुंदर बनवणाऱ्याचं खापर चांगलं असेलच असं नाही. ‘हे चुलीवर चालतं का?’ असं सरळ विचारा. खरा कारागीर खोटं सांगत नाही.

मग भांडं हाताच्या तळव्यावर तोलून बोटाच्या पेराने वाजवा. माझी आजी म्हणायची, ‘बाय, मडक्याक विचार, तां बोलता.’ खणखणीत वाजलं तर नीट भाजलंय. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर आहे, नाहीतर आच कमी पडली. साधारण ६०० अंशांच्या पुढे भाजल्यावरच माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कच्चं खापर दोन धुण्यांत काठाशी भुगा होतं. अंगावर काळा डाग असला तर घाबरू नका, तिथे आव्यातला, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतला, धूर लागलेला असतो. रंग दिलेलं मात्र घेऊ नका.

गाडीत भरायला भाताचा पेंढा. जानेवारीत कुठल्याही खळ्यावर मागितलात तर मिळेल. भांड्याच्या आत आधी कोंबा, मग बाहेरून. दोन भांडी एकमेकांना कधीच टेकू देऊ नका. खापर आडवं रचू नका, ताटं रॅकमध्ये लावतो तसं काठावर उभं ठेवा. गोव्याहून येताना इन्सुलीच्या नाक्यावर तपासणीला थांबवलं तर पोती सोडावी लागतील, म्हणून सुतळीला सरकफास मारा.

भाव करू नका. माती खणण्यापासून आव्यातून काढेपर्यंत कित्येक दिवस जातात, आणि एका आव्यात काही भांडी फुटतातच. ती कोणी विकत घेत नाही.

सोलकढी:
चकचकीत लुकण, म्हणजे काचेसारखा मुलामा (ग्लेझ), लावलेली भांडी शोभेला घ्या. कोकम, चिंच घातलेलं काही त्यात ठेवू नका, लुकणात शिसं असलं तर आंबटात उतरतं.

रानजाई:
जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः चाकघर दादा तुमचे. निघायच्या आदल्या दिवशी तुळशीची कुंडी उकरून मी खरंच एक तुकडा काढला. कुडाळजवळच्या एका वाडीत कुंभारीण मावशींनी तो हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, ‘ह्यात रेती आमच्यापेक्षा बारीक आसा.’ तीन खापरं काढून दिली. मी तिन्ही वाजवली, एक बद्द निघालं. ते त्यांनी स्वतःच बाजूला ठेवलं, मला सांगावंही लागलं नाही.

डिचोलीत मैत्रिणींनी माठ, कुंड्या मनसोक्त घेतल्या. परतताना मागच्या सीटवर तिघीजणी मांडीवर पोती घेऊन बसल्या. एकूण सतरा नग, एकही फुटला नाही.

खापर रात्रभर पाण्यात बुडवलं, मग मंद आचेवर दोनदा पेज शिजवली आणि चुलीवरच गार होऊ दिलं. साबण लावलेला नाही, नारळाच्या सोडणाने घासते. पहिल्या दोन खापरोळ्या चिकटल्या. तेव्हा सासूबाई उठून आल्या, अर्धा कांदा तेलात बुडवून खापरावर फिरवला आणि तिसरी स्वतः घातली. ती अख्खी सुटली, रसात टाकल्यावर फुगली.

आता विचारायचं एवढंच, की पेज अजून किती वेळा शिजवावी? काठाशी अजून जरा चिकटतंय.