जपानी चित्रांची लाकडी पेटी: तुमचे अनुभव

जपानी चित्रकार होकुसाईची मोठी लाट परवा पुन्हा समोर आली नि छापील चित्रं चिकटवलेल्या माझ्या जुन्या पेटीची मापं आठवली. लाट आडवी, ती झाकणावर. पुढच्या बाजूला हिरोशिगेची एदोची (जुन्या टोकियोची) तीन दृश्यं, ती उभी. ओबान आकार, साधारण ३९ × २६ सेंमी. चौकट १८ मिमी सागाची, दिल्हे (चौकटीत बसणारे पातळ तुकडे, चित्रं यांवर) ६ मिमी प्लायचे. अखंड फळीवर चित्र चिकटवू नका. फळी हवेप्रमाणे आडवी फुगते-आक्रसते, कागदाला ते झेपत नाही, चीर पडते. तुम्ही कशी केलीत?

पाचर: मागच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा साधा कागद लावा. नाहीतर सुकताना कागद ओढतो आणि प्लाय बाक धरतो.

रंधा: सही नि शिक्के बऱ्याचदा कडेला असतात, ते चौकटीच्या खाचेत जातात! प्लाय चित्रापेक्षा चहूकडून ६ मिमी मोठा कापा, ७ मिमी आत घाला, खाच ८ मिमी खोल ठेवा. चित्राची फक्त १ मिमी कड झाकली जाते. खाचेत गोंद अजिबात नको.

खळ: इंकजेट असेल तर आधी शाई बघा. डाय शाई (पाण्यात विरघळणारा रंग) फेव्हिकॉलच्या पाण्याने फुटते. पिगमेंट शाई किंवा लेझर घ्या, तरी एक तुकडा ओला करून बघाच.

बुडबुडे का येतात? ओला कागद फुगतो, आणि ते फुगणं चिकटवल्यावर झालं की संपलं. म्हणून मागून पाण्याचा हलका फवारा, दोन-तीन मिनिटं थांबायचं, गोंद प्लायवर, मग मधून कडांकडे रबरी रूळ. कडा सुकल्यावरच कापा. फुगा राहिलाच तर पात्याने बारीक चीर, सिरिंजने गोंद, वर बटरपेपर नि वजन, रात्रभर.

पाचर: @खळ तांदळाची खळ वापरता का? कसर लागते हो तिला.

खळ: पेटीला नाही. फ्रेममधल्या चित्रांना वापरते, पुन्हा सोडवता येतात.

निळी: वरून तेलाचं पॉलियुरेथेन वॉर्निश नको, पिवळं पडतं. लाटेतला प्रशियन निळा हिरवट दिसतो, बघवत नाही. पाण्यावरचं मॅट वॉर्निश, पातळ तीन हात.

शिसवी: छापायला फाइल कुठली घेता? ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) लांब बाजू ४६०० पिक्सेल हवी. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या साइटवर मोफत मिळतात.

रंधा: चाकं कुणी लावली का? जपानात चाकांचे तान्सु (सामानाच्या मोठ्या लाकडी पेट्या) असायचे. १६५७ च्या एदोच्या आगीत त्यांनीच रस्ते अडले.

निळी: चाकं राहू द्या, झाकणाला स्टे (उघडं धरून ठेवणारा आधार) लावा आधी. सागाचं सहज ५ किलो भरतं, बोटं सापडतात.