मदत हवी आहे: उपासना संगीतरचनेत मास्टर्स, अर्ज नेमका कुठे करायचा?

भीमपलास_नगर
सलाम मंडळी. मला उपासना संगीताच्या रचनेत मास्टर्स करायचं आहे, बाहेर. बऱ्याच ठिकाणचे अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, त्यामुळे जरा घाई आहे. वेबसाइट चाळून डोकं भणभणलंय. कुठे सेक्रेड म्युझिक, कुठे चर्च म्युझिक, कुठे वर्शिप स्टडीज. यात चाल बांधायला, मंडळीसाठी नवी गीतं रचायला नक्की कुठे शिकवतात? पोर्टफोलिओत स्कोअर (स्वरलिपीत लिहिलेली रचना) आणि रेकॉर्डिंग मागतात. रचना माझ्याकडे भरपूर आहेत, पण स्कोअर कसा द्यायचा? प्रार्थना चालू आहेच, आता माहिती हवी.

सरगम_ते_स्टाफ
पदवी कशातली आहे? वाद्य कुठलं? स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येतं का? पंथ कुठला? पैसे घरचे की स्कॉलरशिप हवी? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

वसईचा_कॉयर
सरळ जर्मनीला जा. तिथे किर्खेनमुझिक, म्हणजे चर्च संगीत, हा रीतसर पेशा आहे, बी आणि ए अशा परीक्षा असतात, ए म्हणजे मास्टर्स. सरकारी संगीत विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो. कॅथलिक असाल तर रेगेन्सबुर्ग बघा, १८७४ पासून चर्च संगीत शिकवतायत. ऑर्गन पक्का हवा आणि जर्मन भाषा हवी, बास.

भीमपलास_नगर
ऑर्गन येत नाही. पेटी वाजवतो, थोडा तबला. बीकॉम झालंय, गांधर्वची विशारद आहे. सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत गायनमंडळ सांभाळतो. फंडिंग नसेल तर विषयच संपला.

वसईचा_कॉयर
मग ऑर्गन शिका. दोनतीन वर्षं द्या. चर्च संगीत आणि ऑर्गन वेगळं करता येत नाही.

पेटी_आणि_पवित्रशास्त्र
का करता येत नाही? ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर अभंग, ओव्या, भजनं लिहिली. ती आजही रविवारी आमच्याकडे पेटी-तबला-झांजेवर म्हटली जातात. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. त्या मंडळीला ऑर्गन कुठे लागला? तुमच्याच, कॅथलिकांच्या, व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये, उपासनेवरच्या दस्तऐवजाच्या ११९ व्या कलमात, मिशनच्या प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यायला सांगितलंय.

वसईचा_कॉयर
ते कलम मलाही ठाऊक आहे. आमच्याकडे मराठी मिस्सा (कॅथलिक उपासना) गातात, मीच बसवतो. मुद्दा परंपरेचा नाही, प्रवेशपरीक्षेचा आहे. तिथे बाखचा प्रिल्यूड वाजवायला लावतात, ओव्या नाही.

शालिनीताई_पुणे
आमच्या मंडळीत तर आता मराठी गीतंच मागे पडली. मुलं गिटार, ड्रम आणि हिंदी-इंग्रजी वर्शिप. उपासना संगीताचं पुस्तक बाकावर असतं, उघडत कुणी नाही. भाऊ, तुम्ही शिकून परत या, एवढंच म्हणते.

गिटार_वर्शिप_ठाणे
ताई, मुलं तरी येतायत ना चर्चला? चाल त्यांना गाता आली पाहिजे. काळी पाचला सुरू केलेलं भजन अर्ध्या पुरुषांच्या आवाक्याबाहेर जातं, मग ते नुसते उभे राहतात. आम्ही गिटारवर गायकांच्या आवाजाप्रमाणे सूर खाली घेतो आणि सगळे गातात.

शालिनीताई_पुणे
पेटीवरही सूर खाली घेता येतो, बाळा. पट्टी बदलायची.

डॅलसहून_दीपक
विषयावर येऊ. मी अमेरिकेत चर्च म्युझिकचं शिक्षण घेतलंय, म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्यासमोर तीन वेगळी दारं आहेत आणि वेबसाइट ती स्पष्ट सांगत नाहीत.

पहिलं, संगीत महाविद्यालयातली मास्टर ऑफ म्युझिक. रचना शिकायची तर खरी जागा ही. पण तिथे बहुधा संगीताचीच पदवी मागतात, शिवाय पोर्टफोलिओ आणि थिअरीची परीक्षा. बीकॉम आणि विशारद यावर अवघड जाईल.

दुसरं, मास्टर ऑफ सेक्रेड म्युझिक. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात पर्किन्स थिऑलॉजी स्कूल आणि मेडोज कला विभाग मिळून ही पदवी देतात. जगभरच्या मंडळींच्या गीतांवर लिहिणारे मायकेल हॉन तिथेच शिकवायचे. या पदव्यांचा कणा मात्र कॉयर कंडक्टिंग आणि ऑर्गन असतो.

तिसरं, धर्मशास्त्राच्या बाजूने. येलची इन्स्टिट्यूट ऑफ सेक्रेड म्युझिक १९७३ ला न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीतून तिकडे गेली. तिथे स्कूल ऑफ म्युझिक किंवा डिव्हिनिटी स्कूल (धर्मशास्त्राचा विभाग) यांपैकी एकात प्रवेश घ्यावाच लागतो. डिव्हिनिटीच्या वाटेला पदवी कुठल्याही विषयातली चालते. इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांना पूर्ण फीची स्कॉलरशिप असते. फंडिंग हीच अट असेल तर सगळ्यांत आधी हे बघा.

आणखी एक, बीकॉम तीन वर्षांचं आहे. काही अमेरिकन विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. एमए झालंय का?

भीमपलास_नगर
एमए मराठी, पुणे विद्यापीठ.

डॅलसहून_दीपक
हे आधी सांगायचं ना! मग बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची अडचण सुटते. आणि शब्द स्वतः लिहीत असाल तर ती तुमची मोठी जमेची बाजू आहे, अर्जात ठळक लिहा.

नवी_वाट
मनिला कोणीच का सुचवलं नाही? एशियन इन्स्टिट्यूट फॉर लिटर्जी अँड म्युझिक फ्रान्सिस्को फेलिसियानोंनी १९८० ला उभी केली, ती याचसाठी की आशियातल्या माणसाने आपल्या परंपरेत रचना करावी. तैवानचे आय-टो लो तिथे शिकवायचे. त्यांनीच १९९० चं ‘साउंड द बांबू’ हे आशियाई गीतपुस्तक संपादित केलं. आणि नोकरी सोडायची नसेल तर फ्लोरिडात रॉबर्ट वेबर इन्स्टिट्यूट आहे, बराचसा अभ्यास घरून, जानेवारी-जूनमध्ये तिथे जायचं. रचना कमी आणि उपासनेचा विचार जास्त, हे लक्षात घ्या.

कायदा_सांगतो
टिळकांच्या गीतांना नवीन चाल देणार असाल तर एक सांगतो. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. टिळक १९१९ ला गेले, म्हणजे शब्द मोकळे. पण एखाद्याने अलीकडे बांधलेली चाल मोकळी नसते, परवानगी घ्या.

भीमपलास_नगर
धन्यवाद, पण शब्द माझेच आहेत. कोणीतरी स्कोअरचं सांगा. मुख्य रचना स्तोत्र १३० वर आहे, मारवा, रूपक ताल. खोल गर्तेतून हाक मारणारा माणूस, म्हणून चाल षड्ज टाळत जाते, कोमल रे आणि शुद्ध ध वरच रेंगाळते. पहारेकरी पहाटेची वाट बघतात ती ओळ आली की पहिल्यांदा षड्जावर येऊन टेकते. हे भातखंडे पद्धतीत, आपल्या सारेगम स्वरलिपीत, लिहिलेलं आहे. तसंच पाठवलं तर चालेल का?

पेटी_आणि_पवित्रशास्त्र
रचना सुंदर वाटतेय. पण मारवा मावळतीचा राग, पहाटेच्या ओळीला कसा?

भीमपलास_नगर
पहाट झालेलीच नाही, तो वाट बघतोय. वाट बघायला सुरुवात संध्याकाळीच होते.

गिटार_वर्शिप_ठाणे
मारवा मंडळीला गाता येईल? आमच्याकडे तरी नाही.

भीमपलास_नगर
कडवी गायनमंडळाला. मंडळीला फक्त ध्रुवपद, त्यात चारच स्वर. नगरच्या बायका दुसऱ्या वेळेपासून बिनचूक म्हणतात.

सरगम_ते_स्टाफ
भातखंडे पाठवू नका. परीक्षकाला वाचता येणार नाही, मग रचना कानावर पडण्याआधीच बाजूला जाईल. म्युझस्कोअर हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात लिहा. रूपक ७/८ मध्ये, ३+२+२ अशी विभागणी दाखवा. पण एक काळजी घ्या. रूपकात सम ‘खाली’च्या मात्रेवर येते, म्हणजे पहिल्या मात्रेवर जोर नाही. पाश्चात्त्य वाचक प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर जोर देणारच. म्हणून तबल्याची ओळ वेगळी लिहा, ‘तिं तिं ना धि ना धि ना’, आणि वर टीप द्या की पहिला ठोका हलका आहे. मींड (स्वरावरून स्वरावर घसरणं) स्लरने, म्हणजे कमानीने, दाखवा, कण छोट्या स्वरांनी.

पेटी_आणि_पवित्रशास्त्र
स्टाफमध्ये मींड मरते. मी दोन्ही पाठवायला सांगेन.

सरगम_ते_स्टाफ
मींड कागदावर कुठल्याच लिपीत जिवंत नसते, भातखंडेतही फक्त वर कमान काढतात. मींड रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येते. कागद परीक्षकाला हे सांगतो की तुम्ही विचार करून बांधलंय.

वसईचा_कॉयर
यावर सरगमशी सहमत. आणि ध्रुवपदाला चार आवाजांची हार्मनी चढवू नका, फक्त त्यांना बरं वाटावं म्हणून. मारव्यात पंचम नाही, कॉर्ड बसवायला गेलात की राग गेला. खाली सा-ध चा स्थिर सूर धरा, पुरे.

भीमपलास_नगर
ठरलं. येलला डिव्हिनिटीच्या बाजूने अर्ज करतो, डॅलसला पत्र लिहितो, मनिलालाही लिहितो. जर्मनी नाही. शिफारसपत्रं पाळकसाहेब आणि माझे गुरुजी देतील. इंग्रजीची परीक्षा बाकी आहे, आजच तारीख घेतो. स्कोअर रविवारपर्यंत म्युझस्कोअरमध्ये करतो, कोणी तपासून देईल का?

डॅलसहून_दीपक
तिसरं शिफारसपत्र मागतात, एमएच्या प्राध्यापकांना आजच फोन करा. सुट्टीत सापडत नाहीत.

सरगम_ते_स्टाफ
पाठवा, मी बघतो. शब्द रोमन लिपीत स्वरांखाली घाला, शेवटी ओळीओळीचा इंग्रजी अर्थ द्या, आणि पहिल्या पानावर षड्ज कुठल्या सुराला धरलाय ते लिहा.